फेब्रुवारीत कुआरी पास: बर्फ पडून ऊन आलं की लगेच वर निघावं का?

वही-पेन, जळगाव

नमस्कार मंडळी. माझं जळगावात स्टेशनरीचं दुकान आहे. आम्ही पाच जण, तिघी बाया नि दोन पुरुष, सहा वर्षांपासून बरोबर डोंगर हिंडतो. पाटणादेवी, लळिंग, साल्हेर-सालोटा झाले, दिवाळीत दोनदा अस्तंब्याला जाऊन आलो. चालायची भीती नाही. पण बर्फावर आमच्यातलं कुणीच एक दिवससुद्धा चाललेलं नाही.

जूनची गर्दी सुरू व्हायच्या आत मला फेब्रुवारीतच सवड मिळते. म्हणून १० फेब्रुवारीला भुसावळहून दिल्ली, पुढे ऋषिकेश, जोशीमठ, असं ठरवलंय. ढाक गावातून चढून गुलिंग, खुल्लारा, मग कुआरी पास ही खिंड, आणि ताली, गोरसोंवरून औलीला उतरायचं. मोठ्या कंपनीबरोबर नाही, जोशीमठकडचा एक गाइड आणि दोन खेचरं. गाइड फोनवर चांगला बोलला. म्हणाला, बर्फ पडला तर एक-दोन दिवस तंबूत थांबू, ऊन पडलं की निघू, आणि हवा अशीच उघडी राहिली तर पांगरचुल्ला शिखरही करून येऊ. हिमस्खलनाचं विचारलं तर म्हणाला, "उधर कुछ नहीं होता, दीदी."

मला तेवढ्यावर समाधान होत नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत बद्रीनाथजवळच्या माणा गावात रस्त्याच्या कामावरचे ५४ मजूर हिमस्खलनात अडकले होते, ८ जण गेले. तोही चमोलीच जिल्हा, जोशीमठहून पन्नासेक किलोमीटरच्या आत. मग "उधर कुछ नहीं होता" म्हणजे नक्की कुठे काही होत नाही?

माझे प्रश्न असे. ऊन पडलं म्हणजे रस्ता सुरक्षित झाला का? बर्फ किती पडला म्हणजे जास्त? आमच्यासारख्या नवख्यांनी जागेवर उभं राहून काय पाहावं? आणि बर्फाखाली गाडलेल्याला शोधायचं ते गळ्यात बांधायचं यंत्र खरंच लागतं का?

आई रोज विचारते, "बरफ देखाले इतलं दूर कशाले जास वं?" तिला सांगायला माझ्याकडे खरं उत्तर हवंय, नुसती समजूत नको.

---

फौजी, पारोळा तालुका

ताई, दुपारी कापसाची गाडी जिनिंगला लावून बसलो होतो तेव्हा तुमचा प्रश्न वाचला. आता जेवण झाल्यावर सावकाश लिहितोय. मी फौजेत एकवीस वर्षं होतो. त्यातले चार हिवाळे उत्तर काश्मिरात, सरहद्दीजवळच्या पोस्टांवर गेले. मी शास्त्रज्ञ नाही. जे शिकवलं गेलं आणि जे डोळ्यांनी पाहिलं, तेच सांगतो.

"ऊन पडलं की निघू" हे तुमच्या गाइडचं बोलणं मला सगळ्यात जास्त खटकलं. आपल्याकडे पाऊस उघडला की वापसा व्हायची वाट पाहतो ना? आभाळ मोकळं झालं म्हणून कुणी त्याच दिवशी काळ्या रानात औत घालत नाही. बर्फाचंही तसंच आहे. वरून पडायचा थांबला, पण जो पडलाय त्याचं वजन खालच्या जुन्या थरांवर नुकतंच आलंय. ते वजन खालच्याला पेलतंय की नाही, हे आभाळाकडे पाहून कळत नाही. बर्फ थांबल्यावरचा पहिला निळा दिवस हा फार वाईट दिवस. माणसं दोन दिवस तंबूत कोंडलेली असतात, बाहेर लख्ख ऊन असतं, आणि सगळ्यांना एकदम निघायचं असतं.

आता आत काय होतं ते सांगतो. डिसेंबरात बर्फ पातळ असतो, फूट-दीड फूट. त्याच्या खालची जमीन शून्य अंशाच्या आसपास, आणि वरची हवा रात्री उणे पंधरा-वीसपर्यंत उतरते. मग खालून वाफ वर चढते आणि थराच्या तळाचे बर्फाचे कण बदलतात, खडेसाखरेसारखे टोकदार होतात. हातात घेतले तर मूठ वळत नाही, बोटांतून गळून जातात. हा साखरेचा थर एकदा झाला की आठवडेच्या आठवडे तसाच राहतो, सावलीच्या उत्तरेकडच्या उतारावर तर जास्तच. त्यावर जानेवारी-फेब्रुवारीत दोन-तीन फूट बर्फ पडतो, वारा तो दाबून घट्ट करतो, आणि तयार होते एक लादी. लादी मजबूत असते, तुम्ही तिच्यावर उभ्या राहू शकता. पण ती बसलीय साखरेवर.

घरी करून पाहा. स्टीलच्या ताटात ज्वारीचं पीठ पसरून तळव्याने दाबा. त्यावर साखरेचा पातळ थर. त्यावर पुन्हा दोन बोटं पीठ, चांगलं दाबून. आता ताट हळूहळू तिरपं करा. वरचं पीठ कणाकणाने घसरणार नाही. एका क्षणी आडवी रेघ उमटेल आणि अख्खी वडीच्या वडी खाली येईल. ती रेघ तुमच्या बोटापाशी उमटेलच असं नाही, बरीच वरही उमटते. डोंगरावर म्हणून पळता येत नाही, कारण ज्याच्यावर उभे आहात तेच निघालेलं असतं. आणि हेही ध्यानात ठेवा, हौसेने बर्फावर जाणाऱ्यांत ज्यांचा जीव जातो त्यांतल्या बहुतेकांच्या अंगावर डोंगर आपोआप येत नाही. ती लादी त्यांच्याच किंवा त्यांच्या सोबत्याच्या वजनाने सुटलेली असते.

म्हणून पहिली गोष्ट उतार. लादी सुटते ती साधारण ३० ते ४५ अंशांच्या उतारावर, सगळ्यात जास्त ३८ च्या आसपास. त्याहून उभ्या कड्यावर बर्फ साठतच नाही, थोडा थोडा गळत राहतो. तीसच्या खाली तो सहसा सुटत नाही. ट्रॅक्टरने ओतलेला कोरड्या वाळूचा ढीग आठवा, त्याची बाजू तीस-पस्तीस अंशांची असते. समोरचा उतार तेवढा दिसला की सावध व्हायचं. तुमचं तर स्टेशनरीचं दुकान आहे, कंपासपेटीतला चांदा घ्या, मध्याच्या भोकातून दोरा ओवून खाली नट बांधा. काठी उताराला समांतर हातात धरा आणि चांद्याची सरळ कड, गोल बाजू खाली ठेवून, तिला लावा. दोरा नव्वदपासून जितका सरकला तितका उतार. जायच्या आधी पाटणादेवीच्या डोंगरावर वीस-पंचवीस ठिकाणी मोजून पाहा, डोळा तयार होतो. नवख्या माणसाला उभा उतार असतो त्याहून उभा वाटतो, आणि मधला धोक्याचा उतार मात्र "चालण्यासारखा" वाटतो.

तुम्ही सपाटीवर आहात आणि डोक्यावर चाळीस अंशांचा उतार लोंबतोय, तर तुम्ही सपाटीवर नाही, त्याच्या वाटेत आहात. माण्याचे मजूर डोंगर चढत नव्हते, मुक्कामाच्या कंटेनरमध्ये होते. म्हणून तंबू कुठे लागतोय ते स्वतः पाहा. तिकडच्या बांज-बुरांस झाडांच्या जंगलात मधेच झाडं नसलेली उभी पट्टी दिसली, किंवा झाडांच्या चढाकडच्या फांद्याच तेवढ्या मोडलेल्या दिसल्या, तर तिथून बर्फ येऊन गेलेला आहे. तिथे जेवायलासुद्धा बसू नका. अरुंद नाळेतही थांबू नका. थोडाच बर्फ आला तरी नाळेत तो खोल साचतो.

एका रात्रीत फूटभर ताजा बर्फ पडला तर पुढचे निदान दोन दिवस उभ्या उताराजवळ जायचं नाही. पडलेला कमी आणि वारा जोराचा, तरी तेच. वारा एका बाजूचा बर्फ उचलून धारेच्या पलीकडे, आडोशाला नेऊन टाकतो. न पडलेला बर्फ तिथे चार फूट होतो. चालताना पायाखाली "धप्प" असा आवाज आला, घरात कुणी धान्याची गोणी टाकल्यासारखा, तर तो आतला साखरेचा थर बसल्याचा आवाज असतो. पायापासून बर्फात भेग पळत गेली, किंवा आजूबाजूच्या उतारावर ताजी घसरण दिसली, तर चर्चा करायची नाही. आल्या पावलांनी परत. यातलं एक चिन्ह पुरे होतं.

आता एक सांगतो. हे मी घरातही कमी वेळा बोललोय.

फेब्रुवारीचा महिना होता. तीन दिवस बर्फ, चौथ्या दिवशी सकाळी असं ऊन की डोळे उघडेनात. आठ जणांची आमची टोळी खालच्या पोस्टवरून रसद घेऊन निघाली. मधे एक तिरपा पट्टा होता, दीडशे पावलांचा. नियम साफ होता, एकेकाने जायचं, बाकीच्यांनी पाहत राहायचं, पलीकडचा आडोशाला पोचला की मगच दुसरा. पहिले पाच गेले. मी पाचवा. पलीकडे पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते, अजून बरीच चढण बाकी होती, हात गारठले होते. मी मागच्यांना हात करून ओरडलो, दोघं दोघं या, लवकर या. मी हवालदार होतो, ते माझ्याहून धाकटे. त्यांनी ऐकलं.

दोघं मध्यावर होते तेव्हा आमच्या डोक्यावर, बरंच वर, रेघ उमटली. आवाज नंतर आला. एकाला त्याने कडेला फेकलं, कमरेइतका पुरला, निघाला. दुसरा दिसेना. आम्ही सळया खुपसत होतो, फावडी मारत होतो. तो बर्फ थांबला की सिमेंटसारखा होतो ताई, पिशवीतल्या पिठासारखा राहत नाही. वीस-बावीस मिनिटांनी तो चार फुटांखाली सापडला. हाडं शाबूत, अंगावर खरचटलंही नव्हतं. तोंडासमोर त्याच्याच श्वासाने बर्फाचा पातळ पापुद्रा जमला होता, काचेसारखा. तो वाचला नाही.

आठ जणांनी पाळलेला नियम मी एकट्याने मोडला, तोही अर्धा तास वाचवायला. म्हणून तुम्हाला एवढं लांबण लावून लिहितोय.

माझं मत सरळ आहे. कुआरी पासला जा, जंगल आणि रुंद सोंडांवरून जिथवर उतार मवाळ आहे तिथवर जा. खिंडीच्या शेवटच्या चढावर चांदा लावा, बर्फ ताजा असेल तर खालूनच डोंगर पाहून फिरा. पांगरचुल्ला यादीतून काढून टाका. तो साडेचार हजार मीटरच्या वरचा डोंगर आहे, लोक तो बहुतेक एप्रिल-मेमध्ये करतात, आणि वरचे उतार नेमके नको तेवढे आहेत. फेब्रुवारीत, पहिल्यांदा बर्फावर जाणाऱ्यांनी तिकडे जाऊ नये.

---

तापीकाठ, भुसावळ

काका, तुमचा अनुभव वाचून वाईट वाटलं, आदर आहेच. पण ताईंनी एवढं घाबरून जाऊ नये. मी उत्तराखंडातलं केदारकंठा शिखर तीनदा केलंय, डिसेंबर, जानेवारी आणि मार्चच्या सुरुवातीला. प्रत्येक वेळी शिखरावर शंभराच्या वर माणसं, बारा-तेरा वर्षांची पोरंसुद्धा. एकदा रात्रभर बर्फ पडला आणि सकाळी आम्ही वर गेलो. काही झालं नाही. फौजेला जिथे जावंच लागतं ती जागा वेगळी, पर्यटकांची वाट वेगळी. कुआरीलाही गर्दी असते, वाट मळलेली असते.

---

फौजी, पारोळा तालुका

भाऊ, जागा वेगळी हे बरोबर आहे. कुआरीची वाट आमच्या पोस्टच्या वाटेपेक्षा कितीतरी सौम्य आहे, म्हणूनच जा म्हणालो.

पण "काही झालं नाही" याच्यावर जरा थांबू या. गिरणेला पूर असताना फरशी पुलावरून कितीजण गाडी काढतात? बहुतेक पार होतात. पार झालेला माणूस समजतो की आपल्याला पाण्याचा अंदाज आहे. त्याला अंदाज नसतो, त्या दिवशी पाणी चार बोटं कमी असतं. बर्फाचा उतार तर दहापैकी नऊ दिवस पक्काच असतो. त्यामुळे चुकीचा निर्णय घेऊनही माणूस परत येतो आणि तोच निर्णय पुढच्या वेळी अनुभव म्हणून सांगतो. चार हिवाळ्यांत मीही तो पट्टा किती वेळा ओलांडला असेल. त्याच आठवणीच्या जोरावर त्या दिवशी हात केला.

आणि मळलेली वाट म्हणजे पक्की वाट नव्हे. लादीखालचा साखरेचा थर सगळीकडे सारखा खोल नसतो. खडकाजवळ, धारेजवळ लादी पातळ असते. पन्नास माणसं जाड भागावरून जातात, एक्कावन्नावा फोटोसाठी दहा पावलं बाजूला सरकतो आणि पातळ जागेवर पाय देतो. ४ एप्रिल २०२३ ला सिक्कीममध्ये नथुलाच्या रस्त्यालगत हिमस्खलनात सात पर्यटक गेले. ते काही गिर्यारोहणाला निघाले नव्हते. ४ ऑक्टोबर २०२२ ला उत्तराखंडातच द्रौपदी का डांडा शिखरावर प्रशिक्षण घेणारी तुकडी हिमस्खलनात सापडली. त्यांच्याबरोबर शिकवणारे लोक होते. गर्दी असो की जाणकार, डोंगराला त्याने फरक पडत नाही.

तुम्ही सुखरूप आलात याचा आनंद आहे. पण रात्रभर बर्फ पडलेल्या सकाळी पुन्हा वर जाऊ नका, एवढं ऐका.

---

धुळ्याची डॉक्टर

यंत्राच्या प्रश्नाचं उत्तर राहिलंय, ते मी देते. मी भूलतज्ज्ञ आहे आणि बर्फातलं प्राथमिक प्रशिक्षण घेतलंय.

बर्फाखाली गाडलेली माणसं थंडीने मरतात असा समज आहे. थंडीला वेळ लागतो. बहुतेकांचा जीव गुदमरून जातो, काहींचा खडकावर, झाडावर आदळून. काकांनी लिहिलेला तोंडासमोरचा पापुद्रा तोच, सोडलेला श्वास गोठतो आणि नवी हवा यायची वाट बंद होते. पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलं तर दहातले साधारण नऊ वाचतात. अर्ध्या तासानंतर तिघांपैकी एखादाच. जोशीमठहून मदत यायला तास लागतील, म्हणजे ती मदत जीव वाचवायला नाही. शोधणारे तुम्ही पाचच.

म्हणून "यंत्र लागतं का" यापेक्षा "पाचही जणांकडे तिन्ही वस्तू आहेत का" असं विचारा. सिग्नल देणारं-घेणारं यंत्र, म्हणजे ट्रान्सीव्हर, अंगावर, कपड्यांच्या आत. घडीची लांब सळई, निदान २४० सेंटिमीटरची. धातूच्या पात्याचं फावडं. यंत्र जागा दाखवतं, सळई खोली दाखवते, फावड्याने माणूस निघतो. तिघांतलं एक नसेल तर उरलेल्या दोघांचा फार उपयोग नाही. दोघांकडे यंत्र आणि तिघांकडे नाही, असंही चालत नाही. ही सगळी यंत्रं जगभर ४५७ किलोहर्ट्झवरच चालतात, त्यामुळे कुठल्याही कंपनीचं भाड्याने मिळालं तरी एकमेकांशी बोलतात. मोबाइल त्याच्याशेजारच्या खिशात ठेवू नका, वीसेक सेंटिमीटर दूर हवा, आणि शोधताना तर अर्धा मीटर. बॅटऱ्या नव्या घाला.

भाड्याने आणाल तर जायच्या दोन आठवडे आधी आणा. गिरणेच्या कोरड्या पात्रात जा, एकीने यंत्र पिशवीत घालून वाळूत दीड-दोन हात खोल पुरायचं, बाकीच्यांनी घड्याळ लावून शोधायचं. पहिल्यांदा तुम्हाला वीस मिनिटं लागतील. ते वाळूत कळलेलं बरं. पाच मिनिटांच्या आत येईपर्यंत करत राहा.

कुणी गाडलं गेलंच तर शेवटचं कुठे दिसलं ती जागा डोळ्यात धरायची, तिथून खालच्या बाजूला शोधायचं. वरून आणखी येणार नाही ना, ते पाहायला एकाला उभं करा. खणताना आधी चेहरा मोकळा करा, तोंडातला-नाकातला बर्फ काढा. श्वास नसेल तर नुसती छाती दाबू नका, आधी तोंडाने पाच श्वास द्या. गुदमरलेल्याला हवेची गरज पहिली. बाहेर काढल्यावर आडवंच ठेवायचं, हळू हलवायचं, चोळायचं नाही, दारू पाजायची नाही.

आणखी एक. परदेशातल्या नातेवाइकाकडून सॅटेलाइट फोन किंवा तसला संदेश पाठवायचा डबा मागवू नका. परवानगीशिवाय आपल्याकडे तो बाळगता येत नाही, विमानतळावर माणसं अडकली आहेत.

हे सगळं घेतलं म्हणजे चाळीस अंशांच्या उतारावर जायला मोकळीक मिळाली असं मात्र नाही. आदळून मेलेल्याला यंत्र वाचवत नाही.

---

वही-पेन, जळगाव

सगळ्यांचे मनापासून आभार. आठ दिवसांनी लिहितेय, कारण बरंच काही करून पाहायचं होतं.

ताट आईसमोरच केलं. कळण्याचं पीठ होतं तेच घेतलं. बत्तीस-तेहेतीस अंशांवर रेघ उमटली आणि अख्खी वडी ताटाबाहेर आली, ओट्यावर. आई काही बोलली नाही. मग स्वतः पुन्हा एकदा केलं तिने, साखर न घालता. त्या वेळी पीठ बरंच तिरपं होईपर्यंत धरून राहिलं. तेव्हा म्हणाली, "म्हणजे वरचं नाही, खालचं पाहायचं." फौजी काका, तुम्ही लिहिलेलं तिला माझ्याआधी कळलं.

चांद्याला दोरा बांधून पाचही जण रविवारी पाटणादेवीला गेलो. मोजायच्या आधी प्रत्येकाने अंदाज सांगायचा असं ठरवलं. मी ज्याला पन्नास म्हणत होते तो पस्तीस निघाला. पहिल्या दहा जागी आमचा एकाचाही अंदाज पाच अंशांच्या आत नव्हता. दुपारपर्यंत जरा सुधारला. अजून दोन रविवार जाणार आहोत.

मुख्य गोष्ट गाइडची. मी त्याला पुन्हा फोन केला, आणि या वेळी "हिमस्खलन होतं का" असं नाही विचारलं. विचारलं की, तुमच्या लहानपणापासून या वाटेवर बर्फ कुठे कुठे खाली आलाय? तो पाऊण तास बोलला. कुठल्या नाळेत दर दोन-तीन वर्षांनी येतो, कुठल्या कुरणावर त्याचे वडील हिवाळ्यात जनावरं कधीच नेत नसत, खुल्लाऱ्याला तंबू कुठल्या झाडांच्या आड लावायचे, सगळं त्याला पाठ. मी म्हटलं, दादा, मग त्या दिवशी काही होत नाही असं का म्हणालात? तर म्हणाला, पाहुणे परतीचं तिकीट दाखवतात. थांबू म्हटलं की चिडतात, पैसे कापतात, पुढच्या वर्षी दुसऱ्याकडे जातात.

मला फार लागलं ते. मीही त्याला पहिल्याच फोनवर परतीची तारीख सांगितली होती.

आता परतीचं तिकीट तीन दिवस पुढे ढकललंय. पांगरचुल्ला काढून टाकला. यंत्रांचे पाच संच भाड्याने सांगितलेत, फावडी आणि सळयांसकट. चंदीगडची डीजीआरई ही संरक्षण खात्याची संस्था हिमस्खलनाचा इशारा देते, चमोलीचा, उंचीप्रमाणे, तो निघायच्या आठवडाभर आधीपासून रोज वहीत उतरवणार आहे. एक शंका उरलीय. इशाऱ्यात धोका कमी दाखवला आणि जागेवर काकांनी सांगितलेलं चिन्ह दिसलं, तर कुणाचं ऐकायचं?

---

फौजी, पारोळा तालुका

जागेवरच्या चिन्हाचं. इशारा अख्ख्या जिल्ह्याचा असतो, तुमच्या पायाखालच्या उताराचा नसतो. उलटं मात्र करायचं नाही. इशाऱ्यात धोका जास्त असेल आणि जागेवर काहीच दिसत नसेल, तरी धोका जास्तच धरायचा.

तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. साखर न घालता करून पाहायचं मला कधी सुचलं नव्हतं.

गाइडला पैशांचं आताच सांगून टाका. ढाकहून चढायच्या आधी, सगळ्या पाचांसमोर: तुम्ही अर्ध्यातून परत फिरवलं तरी ठरलेले पैसे पूर्ण मिळतील, आणि परत फिरायचं तुम्ही म्हणालात की आमच्यातलं कुणी वाद घालणार नाही. हे शब्दात बोला, गृहीत धरू नका. आणि तुमच्या पाचांतही ठरवा की एक जण जरी "नको" म्हणाला तरी सगळे थांबतील, त्याने कारण सांगायलाच पाहिजे असं नाही. आमच्यात त्या दिवशी मागच्या तिघांपैकी एकाला ते पटलं नव्हतं. नंतर त्याने मला सांगितलं. हवालदाराला कसं म्हणायचं म्हणून गप्प राहिला.

सामानात बुटांवरून बांधायचे गेटर आणि बाजूने बंद असलेला काळा चष्मा प्रत्येकाला एक घ्या, खेचरवाल्या पोरांसाठीही दोन जास्तीचे. ती पोरं चष्म्याशिवाय येतात आणि संध्याकाळी डोळे धरून बसतात.